कालेव्हीची तपासणी

चार वर्षं मूल होत नव्हतं आणि चार वर्षं तपासण्या फक्त नोरीनच्या झाल्या. कॅनडातल्या थंडर बे गावच्या दवाखान्यात ती आत जायची, कालेव्ही बाहेर गाडीत बसून राहायचा. शेवटी नव्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्याही वीर्याची तपासणी लिहून दिली.

रिपोर्ट फोनवर आला तेव्हा तो कामावर, कागदाच्या गिरणीत जेवायला बसला होता. एका मिलिलिटरमध्ये शुक्रजंतू साठ लाख. निदान एक कोटी साठ लाख हवेत. हालचाल करणारे शंभरात अठरा. त्याने फोन पालथा ठेवला आणि डबा तसाच बंद केला.

आठ दिवस तो गप्प राहिला. नवव्या दिवशी नोरीननेच विचारलं, "आला ना रिपोर्ट? मग लपवतोस कशाला?"

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. "हा पास-नापासाचा निकाल नाही. आकडे कमी आहेत, म्हणजे दिवस राहणं अवघड आहे, अशक्य नाही. आणि एका नमुन्यावर मी काही ठरवत नाही. ताप येऊन गेला, उष्णता लागली, तरी आकडा पडतो. गरम पाण्यात वगैरे बसता का?"

"सौनात बसतो, गरम वाफेच्या खोलीत," नोरीन म्हणाली. "आठवड्यातून चारदा. घराणं फिनलंडचं ना."

"तीन महिने बंद. नवे शुक्रजंतू तयार व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो. मग पुन्हा तपासू."

कालेव्हीचे वडील तौनो एकटेच राहत. दर शनिवारी ते घरामागच्या लाकडी सौनात दगड तापवून लेकाची वाट बघत. कालेव्हीने एकदा पाठदुखी सांगितली, एकदा सर्दी. तिसऱ्या शनिवारी तो गेला, पण सौनाबाहेर पायरीवरच थांबला; म्हातारा शेजारी येऊन बसला.

"वाफेला घाबरायला लागलास होय रे? तुझा आजा नव्वदाव्या वर्षी बसत होता."

"डॉक्टरांनी मना केलंय, इसा," कालेव्ही म्हणाला. वडिलांना तो लहानपणापासून इसाच म्हणे. "मूल होत नाही ते माझ्यामुळे असेल. माझे आकडे कमी आलेत."

तौनोंनी टॉवेलाची घडी करून मांडीवर ठेवली.

"तुझ्या आधी आमची सात वर्षं अशीच गेली," ते म्हणाले. "सगळे तुझ्या आईला बोलायचे. माझी बहीण तर तोंडावर बोलायची. मला तपासून घे म्हणून कुणी सांगितलं नाही, आणि मीही गेलो नाही. ती ऐकून घ्यायची, मी बाजूला बसून जेवायचो."

कालेव्हीने घरी येऊन हे नोरीनला सांगितलं. मग म्हणाला, "मीही तेच केलं. गाडीत बसून राहिलो." त्या रात्री पहिल्यांदाच तिने त्याचा रिपोर्ट मागून घेऊन ओळ न् ओळ वाचला.

दुसऱ्या तपासणीत एक कोटी दहा लाख निघाले. हालचालही सुधारली होती, पण पुरेशी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी वीर्याचा नमुना प्रयोगशाळेत धुऊन त्यातले चांगले शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडायचा उपाय सुचवला. पहिला प्रयत्न मार्चमध्ये फसला. नोरीन दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. कालेव्ही कामावर गेला नाही.

ईस्टरला तौनोंच्या घरी सगळे जेवायला जमले. त्यांची बहीण हिल्मा नोरीनच्या ताटात मासा वाढता वाढता म्हणाली, "अजून काही नाहीच का गं तुझं?"

"तिचं सगळं ठीक आहे, आत्या," कालेव्ही म्हणाला. "कमी माझ्यात आहे. उपचार चालू आहेत, जूनमध्ये पुन्हा जायचंय."

हिल्मा आत्याने भावाकडे बघितलं.

"त्याला बटाटे दे," तौनो म्हणाले. "आणि नोरीनला पुन्हा हे विचारू नकोस."