साळूबाईच्या वाटणीचा समुद्र

मी लोणच्याच्या काचेच्या बरणीतून बोलतोय. बरणी घासूनपुसून धुतली आहे, पण मेथीचा वास काही गेलेला नाही, आणि खाऱ्या पाण्यात जन्मलेल्या माझ्यासारख्याला तो सोसतही नाही. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली आहेत. बाहेर उंब्रजचा एस.टी. स्टँड आहे, चिपळूणची गाडी लागलेली आहे आणि मी गाडीत नाथाजींच्या मांडीवर आहे.

मी खेकडा. रश्शात घालतात तो नव्हे. माझं मागचं अंग मऊ आणि उघडं असतं, म्हणून आमची जात रिकामा शंख शोधते, त्यात शिरते आणि तेच घर पाठीवर घेऊन हिंडते. अंग वाढलं की मोठा शंख बघायचा. रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर शंखांना तोटा नव्हता. भरतीला खडकावर चढायचं, ओहोटीला कपारीत बसायचं, असं सुखात चाललं होतं. एके दिवशी ओहोटीच्या डबक्यात एक हात आला आणि मला अलगद उचलून घेऊन गेला.

तो हात नाथाजींचा. उंब्रजची ऊसवाल्यांची पोरं बहुतेक पायदळात जायची. नाथाजी तेवढे आरमारात गेले. पेन्शन घेऊन गावी आले तेव्हा शेत होतं, म्हैस होती, लेकी आपापल्या घरी नांदत होत्या. पण जहाजावर उमर गेलेल्या माणसाचं मन उसात लागेना. मग त्यांनी मुंबईहून जाड काचा आणल्या, लोखंडी चौकटीत बसवल्या, फटी लुकणानं बुजवल्या आणि घराच्या सोप्यात चक्क समुद्र मांडला. गुळाचा ट्रक घेऊन खाली कोकणात जाणारा गुंडा नावाचा ड्रायव्हर येताना प्लॅस्टिकच्या कॅनमधून खारं पाणी आणायचा. शेवाळलेले दगड आले, पट्ट्यापट्ट्यांचे मासे आले, गोगलगायी आल्या, एक समुद्रफूल आलं. नाव फूल असलं तरी तोही प्राणीच. दगडाला चिकटून दिवसभर बोटं हलवत बसायचा. तो माझा शेजारी.

सुरुवातीला मी काचेच्या कडेकडेनं चालत राहिलो. वाटायचं, आता किनारा लागेल. लागायचा तो कोपरा. तिथून वळलं की पुन्हा काच, पुन्हा कोपरा. भरती नाही, ओहोटी नाही, पाणी आपलं एका जागी उभं. आतून सगळं दिसायचं आणि कुठंच जाता यायचं नाही. मला त्या टाकीचा मनापासून राग होता, आणि तो लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

बघायला मात्र झुंबड उडायची. म्हसवडकडचा कोंडीबा मेंढपाळ एकदा घोंगडी सावरत आला, बराच वेळ वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "पानी लय हाय, पर मेंढरं पितील का ह्ये?"

"खारं हाय, गड्या," नाथाजी हसून म्हणाले.

"मग कशाला ठिवलंय?" कोंडीबानं विचारलं. नाथाजी फडक्यानं काच पुसायला लागले. उत्तर मलाही ऐकायचं होतं.

कौतुक सगळं नाथाजींचं व्हायचं आणि राबायची त्यांची बायको, साळूबाई. पाणी आटतं, मीठ मागं राहतं, म्हणून काचेवरच्या लाल खुणेपर्यंत रोज विहिरीचं गोडं पाणी तीच घालायची. वैशाखात टाकीला ओलं पोतं गुंडाळायची. वीज गेली की हवेचे बुडबुडे सोडणारं यंत्र बंद पडायचं. मग मग्यानं पाणी उचलून वरून ओतत राहायचं, वीज येईपर्यंत. हात भरून आला की ती दुसऱ्या हातानं ओतायची. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या पत्रांत तिनं समुद्र ऐकला होता. डोळ्यांनी कधी बघितला नव्हता.

"आवं, एकदा मला खरा समुद्र दावा की," ती म्हणायची.

"ह्यो काय खोटा हाय व्हय? त्येच पानी, त्येच मासं."

"तरी बी. लगीन झाल्यापासनं नुसतं ऐकतीया मी."

"आनि मागं वीज गेली म्हंजी? मासं मरून जातील की. टाकी कुनाच्या भरवशावर टाकायची?"

ती पुन्हा घागर उचलायची. म्हशीची सोय शेजारच्या सुलाबाईनं केली असती, टाकीची कोण करणार? आम्ही काचेच्या आत कोंडलेले आणि आमच्यापायी ती बाहेर कोंडलेली. मला तिची दया यायची आणि रागही यायचा. ही बाई सरळ निघून का जात नाही, असं वाटायचं. तिला तर पाय होते, वर रस्ताही होता.

कृष्णेच्या पुलावरून गाडी जायला लागली की इकडच्या बायका खिडकीतून नदीला पैसा टाकतात, हात जोडतात आणि मनातलं मागून घेतात. साळूबाईकडे सासूनं ठेवलेले तांब्याचे भोकाचे पैसे होते, दोऱ्यात ओवून देव्हाऱ्यात टांगलेले. नाथाजी शेतावर गेले असताना तिनं त्यातला एक काढला, कपाळाला लावला आणि हळूच टाकीतल्या दगडामागं सोडला, माझ्या अगदी पुढ्यात. "समुद्रराया," ती पुटपुटली, "एकदा तुझ्या पायाशी ने मला. दुसरं काय बी नको." समुद्रानं ऐकलं नाही, तेव्हा काही दिवसांनी तिनं दुसरा पैसा टाकला. नवरा हसेल म्हणून दगडाआड सरकवायची. मग तिसरा.

खाऱ्या पाण्यात तांबं विरघळतं, आणि आमच्यासारख्यांना ते विष आहे. आधी गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. मग समुद्रफुलानं बोटं मिटली ती पुन्हा उघडलीच नाहीत. ते कुजलं, आणि त्या घाणीनं मासे गेले. मी दगडाच्या टोकावर चढून अर्धा हवेत बसलो, म्हणून वाचलो. तरी एक पाय गळाला. शेजारी डोळ्यांदेखत नासताना बघत बसणं किती वाईट असतं, ते मी तेव्हा शिकलो.

नाथाजींनी पाणी बोटानं चाखलं, बदललं, गुंडाला घाण पाणी भरल्याबद्दल शिव्या दिल्या. शेवटी दगड बाहेर काढले, आणि तळाला हिरवे पडलेले पैसे दिसले. त्यांनी त्यातला एक उचलून नखानं खरवडला.

"जहाजाच्या बुडाला आमी तांब्याचा रंग मारायचो," ते म्हणाले. "शिंपलं चिकटून वाढू न्हाईत म्हनून. कुनी टाकलं ह्ये?"

साळूबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. "मी."

"कशापायी?"

"तुमीच म्हनायचा, ह्यो खरा समुद्र हाय. नदीला टाकतो तसं टाकलं."

तिनं काय मागितलं होतं, ते त्यांनी विचारलं नाही. त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलेनासे झाले. टाकी गटारात उपसली. उरलो मी एकटा, घमेल्यातल्या पाण्यात. शंखही अंगाला आवळायला लागला होता. तेव्हा मला परत नेऊन सोडायचं त्यांनी ठरवलं.

आज सकाळी बरणी साळूबाईनंच घासली, झाकणाला भोकं तिनंच पाडली. मग भाकरी बांधल्या आणि ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी राहिली.

"टाकी रिकामी हाय आता," ती म्हणाली. "म्हशीला सुलाबाई बघती म्हनली. मी येऊ?"

नाथाजी चपला घालत होते. "ह्याला सोडायला चाललोय मी. जत्रंला न्हाई."

तिनं बरणी त्यांच्या हातात दिली. देता देता वाकून मला म्हणाली, "समुद्राला सांग, साळू यायची व्हती म्हनून."

आता कंडक्टर आला आहे. "चिपळूण किती?" तो विचारतोय. मी एकुलत्या एका मोठ्या नांगीनं काच ठोकतोय. नाथाजी, दोन म्हणा. खाली उतरा, बाईंना घेऊन या, पुढच्या गाडीनं जाऊ. मी एवढे दिवस थांबलो, आणखी थांबेन.

"एक," नाथाजी म्हणाले.

घंटी झाली. चिपळूणला गाडी बदलून संध्याकाळपर्यंत मला समुद्र मिळेल, नवा शंख मिळेल, भरती मिळेल, आणि त्यातलं काहीच मला आता गोड लागणार नाही. मंडळी, तुमच्यापैकी कुणी या वाटेनं कोकणात उतरणार असाल, तर स्टँडमागच्या आळीत साळूबाईला एक हाक मारा. तिनं अजून लुगडं बदललेलं नसेल.