रणोजीरावांची गाडी पिते किती

त्या दिवशी आमच्या सोसले गावातलं पहिलं भांडण रणोजीरावांच्या अंगणात लागलं. रणोजीराव डिझेलचा कॅन घेऊन गाडीकडं निघाले होते. वनजाबाई वाटेत आडव्या उभ्या राहिल्या. घरातलं तेल संपून दोन दिवस झाले, आमटीला फोडणी नाही, आणि गाडीला मात्र रोज न्याहारी, असं त्या बोलल्या. आवाज चढवला नव्हता. पण वनजाबाई आवाज चढवत नाहीत तेव्हाच शेजारी कामं सोडून कुंपणाशी येतात. आम्हीही आलो.

गाडी म्हणजे जुना, थोराड पिकअप. इंजिन एवढं मोठं, की सुरू केलं की शेजारची म्हैस पान्हा चोरायची. रणोजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार. घोडा गेला, तलवार गेली, मिशी तेवढी वंशात टिकली. त्या मिशीला शोभेलशी गाडी पाहिजे म्हणून त्यांनी ही लिलावात उचलली आणि वर लोखंडानं मढवली. पुढं हत्तीही भिईल अशी जाळी, टपावर कॅरियर, मागं दोन जादा चाकं. लढाईला निघाल्यासारखी गाडी शहाळी आणि केळी घेऊन म्हैसूरच्या बाजाराला जायची.

तक्रार एकच. गाडी अशी प्यायची, की रुसलेला व्याही बरा. डिझेल परवडेना म्हणून रणोजीरावांनी भाडं वाढवलं, आणि केळीवाले पुनीतच्या टेम्पोकडं वळले. पुनीत खालच्या आळीतला तरणा गडी. त्याच्या टेम्पोला रणोजीराव चाकं लावलेली काडेपेटी म्हणायचे. काडेपेटी रोज भरून जाऊ लागली आणि रणगाडा चिंचेखाली कावळ्यांच्या सोयीला उभा राहिला.

वनजाबाईंनी निकाल दिला. उगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, गाडीचं पिणं कमी झालं तर ठीक, नाहीतर सणाच्या सकाळी भंगारवाला दारात. आणि त्यांनी बन्नूरच्या भंगारवाल्याला तसा निरोपही धाडला. रणोजीरावांना दोन घास जाईनात. गाडी गेली तर गावात मिशी कशाच्या जोरावर मिरवायची, हा प्रश्न होता.

सल्ल्याला आमच्या गावात तोटा नाही. विहीर आटेल, सल्ला आटणार नाही. एकानं टाकीत गोळ्या टाकायला सांगितल्या, एकानं लिंबू बांधायला. तलकाडला देवाला गेलेले असताना तिथल्या वाळूत पथारी मांडून बसलेल्या एकानं रणोजीरावांच्या गळ्यात चुंबक बांधलं. डिझेलच्या नळीला लावलं की निम्मं पिणं कमी, अशी त्याची हमी. रणोजीरावांनी ते पूजा करून लावलं. चुंबकाला दोन मोळे आणि एक वॉशर चिकटला, तेवढाच काय तो फायदा.

शेवटी वनजाबाईच गाडीत बसल्या आणि नरसीपूरला हयग्रीव मेस्त्रीकडं घेऊन गेल्या. हयग्रीवनं हवेचा फिल्टर काढून झटकला तर आतनं उसाच्या चिपाडाचा भुगा पडला, मागोमाग उंदराचं बिऱ्हाड. गाडीचं नाक चोंदलेलं, श्वास घेणार कुठनं? मागचा ब्रेक धरून बसलेला, म्हणजे गाडी पळवायचीही आपण आणि ओढून धरायचीही आपण. चारी चाकांत हवा निम्मी. हवा कुणी काढली, असं हयग्रीवनं विचारलं तेव्हा रणोजीराव आभाळाकडं बघू लागले. त्यांना मूळव्याधीचा त्रास. दणके बसू नयेत म्हणून हवा तेच सोडायचे.

"आणि हे लोखंड?" हयग्रीव म्हणाला. "एवढं वजन सुम्ने, उगाच कशाला वागवता?"

जाळी काढली तर लोक काय म्हणतील, असं रणोजीराव पुटपुटले.

"लोक टेम्पोत बसून म्हणतील ते म्हणतील," वनजाबाई म्हणाल्या. "काढा हो मेस्त्री."

जाळीवर आता त्यांच्या परसात दोडक्याचा वेल चढलाय. कॅरियरवर सांडगे वाळतात.

गाडी हलकी झाली. राहिला रणोजीरावांचा उजवा पाय. पुढं कुणी दिसलं की तो खाली जायचाच. मग बैलगाडी असो की देवाची पालखी. त्यावर वनजाबाईंनी घरचा इलाज काढला. उगादीच्या आदल्या आठवड्यात फुकट नेतो म्हणून शहाळीवाल्यांना गोळा केलं, गाडी भरली आणि त्या स्वतः पुढं बसल्या. मांडीवर काठोकाठ ताकाचं पातेलं, झाकण नाही.

"सांडलं तर आजचं जेवण बाजारात शोधा," त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

निघालो. मी मागं शहाळ्यांवर बसलो होतो, म्हणून सांगतो. ऊन नुसतं तापत होतं, रस्त्याकडेची लाल माती उडून डोळ्यांत जात होती, आणि गाडी बाळंतिणीसारखी चालली होती. वरुणा गावच्या तळ्याजवळ पुनीतचा टेम्पो मागनं आला. भोंगा वाजवत शेजारी आला आणि पुनीतनं एका हातानं नमस्कार करून कन्नडात विचारलं, मामा, धक्का देऊ का?

रणोजीरावांची मान लाल झाली. मिशी थरथरली. पाय खाली जाणार असं आम्ही सगळ्यांनीच धरलं, कुणी तर दोरी घट्ट पकडली. वनजाबाईंनी फक्त पातेल्याकडं बघितलं. रणोजीरावांनी दातावर दात रोवले आणि काडेपेटीला पुढं जाऊ दिलं. फौजेतल्या घराण्यात असा पराक्रम पूर्वी कुणी केला नसेल.

बाजारात पोचलो तर ताक जागच्या जागी. परतून हयग्रीवकडं टाकी मापली, आणि डिझेल नेहमीच्या जवळजवळ निम्मंच खर्चलेलं निघालं. हयग्रीवनं दोनदा मापलं. वनजाबाईंनी भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं आणि त्या संध्याकाळी आमटीला खमंग फोडणी बसली.

इथं थांबायला हवं होतं. पण रणोजीराव कसले थांबतात? गाडी कमी पिते हे दाखवायला ते गावोगाव फिरू लागले. भेटेल त्याला बसवायचं, बन्नूरपर्यंत न्यायचं, डिझेलचा काटा दाखवायचा, परत आणायचं. लग्न असो, मयत असो, गाडी हजर. भाड्यासाठी परत आलेले केळीवाले दारात वाट बघून पुनीतकडं गेले. पूर्वी गाडी पीत होती तेव्हा निदान मालक घरी असायचा. वनजाबाईंनी एकदा विचारलं, टाकी भरलीय का? गाडी आता पीतच नाही, भरायची कशाला, असं उत्तर आलं.

उगादीला कडुनिंब-गूळ खाऊन रणोजीराव व्याह्यांना गाडी दाखवायला तलकाडला गेले. येताना तलकाडच्या वेशीवरच भर उन्हात गाडी आचके देऊन उभी राहिली. टाकी कोरडी ठाक. कुणीतरी बाटलीभर डिझेल ओतलं. पण नळीत हवा शिरली होती, इंजिन हू की चू करेना.

दुपारी गावात शिरली ती मिरवणूकच. पुढं पुनीतचा टेम्पो, मागं दोरखंडानं बांधलेला पिकअप, आणि आत स्टिअरिंग धरून, मान ताठ करून रणोजीराव. पारावरची सगळी माणसं उठून उभी राहिली. वनजाबाई दारात आल्या. त्यांनी टेम्पोकडं बघितलं, दोरीकडं बघितलं.

"आज किती प्याली?" त्यांनी विचारलं.

रणोजीरावांनी मिशीला पीळ दिला.

"तलकाडापास्नं हितवर एक थेंब न्हाई," ते म्हणाले.