कार्ड चालतं का?

सासूबाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, त्यामुळे फोनवर आपल्याला कोणी गंडवू शकत नाही अशी त्यांची ठाम समजूत होती. म्हणूनच सुनेसाठी बायकांची डॉक्टर शोधायचं काम त्यांनी कोणी न सांगता अंगावर घेतलं. काम घाईचं होतं. सुनेचं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. आता पुन्हा पाचवा लागला होता, रक्तदाब चढत होता, आणि सरकारी दवाखान्यातल्या नर्सने बजावलं होतं, "आठवड्याच्या आत तज्ज्ञाला दाखवा." घरात होता फक्त सरकारी आरोग्य विमा. तो घेणाऱ्या डॉक्टरांची यादी चांगली लांबलचक होती. फोन लावला की कळायचं, एक निवृत्त झालेला, दुसरा गाव सोडून गेलेला, आणि बाकीचे नवीन पेशंट घेत नाहीत.

अकराव्या फोनवर सासूबाईंनी विचारलं, "कार्ड चालतं का?"

"हो, सगळी कार्डं चालतात," पलीकडची मुलगी म्हणाली.

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. लॉन्ड्रीतल्या कामावरून अर्धी रजा टाकून सून आली, आणि दोन बस बदलून दोघी पोहोचल्या. सुनेने काउंटरवर विम्याचं कार्ड ठेवलं. मुलीने ते उलटसुलट करून पाहिलं.

"हे नाही हो मावशी. बँकेचं कार्ड चालतं."

सासूबाईंना तोंड कुठे लपवावं कळेना. नोकरीत नव्या मुलींकडून त्यांनी एकच धडा घोटून घेतला होता: समोरच्याकडून परत म्हणवून घ्या, मगच लाइन जोडा. आणि घरच्या कामात नेमकी माती खाल्ली. परतीच्या बसमध्ये सून एवढंच म्हणाली, "जाऊ दे आई." ती चिडली असती तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई पुन्हा फोनला चिकटल्या. "सरकारी आरोग्य विमा. नवी पेशंट. पाचवा महिना. डॉक्टर घेतील का? पण आधी मी काय विचारलं ते परत सांगा."

दोघांनी फोन आपटला. एकाने, "आजी, तब्येत बरी आहे ना?" म्हणून चौकशी केली. चौथ्या ठिकाणी कोणीतरी घास चावत बोललं, "सरकारी विमा, नवी पेशंट, पाचवा महिना. बरोबर? घेते. उद्या दहाला आणा."

"घेते म्हणजे? डॉक्टरांना विचारलंत का?"

"मीच डॉक्टर. रिसेप्शनवरची बाई जेवायला गेलीय. तुम्ही शाळेत शिकवत होता का हो?"

सकाळी डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, गोळी लिहून दिली. मग पोटावर यंत्र टेकवलं आणि खोलीभर धडधड ऐकू आली, चांगली भक्कम. "दर पंधरा दिवसांनी यायचं," त्या म्हणाल्या आणि फॉर्म पुढे ओढला. "हे पहिलंच का?"

हो म्हणून टाकावं, असं सासूबाईंच्या ओठांवर आलं. दीड वर्ष घरात त्या विषयाला कुलूप होतं, आणि ते सुनेच्या भल्यासाठीच आहे असं त्यांना वाटत आलं होतं.

"दुसरं," सून म्हणाली. "पहिली मुलगी होती."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ घेतली. "तिच्याबद्दल सगळं सांग मला. वेळ आहे माझ्याकडे."

सून सांगू लागली. सासूबाईंनी तिचा हात धरला.