घनश्यामच्या पानावरचा खर्रा

घनश्यामच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं, भटजी दोनदा घड्याळ बघून झाले, आणि बाभळीवरचे कावळे आपसातच गप्पा मारत बसले. विमलताईंनी नवऱ्याला हात जोडून सांगितलं, पोरीचं लग्न चांगल्या घरी लावू. कावळा हलला नाही. शेत विकणार नाही, म्हशीला अंतर देणार नाही, सगळी वचनं देऊन झाली. शेवटी धाकटा भाऊ गोपाल पुढे झाला. त्यानं खिशातली खर्र्याची पुडी काढून पिंडाजवळ ठेवली, वाकून काहीतरी पुटपुटला आणि मागे सरकला. लगेच कावळ्यानं चोच मारली.

"भाऊ खर्र्यासाठीच अडला होता," कोणीतरी म्हणालं, आणि रडता रडता माणसं हसली. आता काय म्हणावं या माणसांना! ज्या तंबाखू-सुपारीनं घनश्यामचा जबडा खाल्ला, तीच त्याला वाटेला लावायला हवी होती.

निशिगंधा तेवढी हसली नाही. घनश्यामची ती एकुलती एक मुलगी. शेवटचे कित्येक महिने तिनं बापाला चमच्यानं पेज भरवली होती, गालातून वाहणारी जखम पुसली होती, त्या वासाला कधी नाक मुरडलं नव्हतं. आणि बापाचा जीव अडकला कुठं, तर पुडीत. लेकीत नाही. हा राग तिनं वर्षभर कोणाजवळ काढला नाही. मेलेल्या माणसावर रागवायची आपल्याकडे सोयच नाही.

वर्षश्राद्ध रविवारी आलं, आणि नेमकी त्याच दिवशी यवतमाळात कॅन्सरच्या रुग्णांसाठी दौड ठरली. निशिगंधानं बापाच्या आठवणीत पळायचं म्हणून नाव घातलं. दुपारी घरी येऊन पान ठेवू, असं ती म्हणाली. पण पानावर खर्रा ठेवायचा हे आईनं आधीच ठरवून टाकलं होतं.

"बाबाच्या पानावर खर्रा ठेवशीन तर मी येतच नाई, आई."

"अन् कावळा नाई आला तर? तुह्या बापाले उपाशी ठेवू काय मी?"

दोघीही रडल्या, पण हट्ट कोणी सोडला नाही.

मैदानातून निघून लोहाऱ्यापर्यंत जायचं आणि परत फिरायचं, अशी दौड होती. निशिगंधाच्या पाठीवर 'घनश्याम यांच्या स्मरणार्थ' असा कागद टाचलेला होता. पळताना बाप आठवेल, मोकळं रडता येईल, असं तिला वाटलं होतं. आठवली ती पुडी. तिच्या मागून निघालेली माणसं पुढे गेली तरी तिचा पाय उचलेना.

लोहाऱ्याच्या वळणावर गोपालकाका मोटारसायकल लावून उभा होता. तिला बघून तो रस्त्यातच आला.

"वयनीनं धाडलं मले. पान वाढून ठेवलं हाय. तू आल्याबिगर बाहेर नेत नाई म्हन्ते."

"खर्रा ठेवला असन न?"

"ठेवला."

निशिगंधा तिथंच थांबली. "काका, खरं सांगा. बाबाले माह्यापेक्षा पुडीच प्यारी होती न?"

गोपालनं मान खाली घातली. "थो कावळा पुडीसाठी नाई शिवला, बाई. मी भाऊले म्हटलं होतं, हा माहा शेवटचा खर्रा, आजपासून सोडला. तवा शिवला थो."

निशिगंधा रस्त्याच्या कडेला बसली आणि वर्षभराचं रडली. बाप पुडीत अडकला नव्हता. तो भावासाठी अडला होता.

पाणी वाटणाऱ्या पोरींनी तिला केळं आणून दिलं. तिनं अर्धं काकाला दिलं. गोपालनं त्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि एकेक तुकडा ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवला. घनश्यामही दुखण्याच्या सुरुवातीला केळं असंच खायला लागला होता, आणि घरात सगळे त्याला हसले होते.

"काका, सोडला होता न तुमी?"

"दिवाळीपर्यंत राह्यलो."

"तोंड उघडा."

"कायले?"

"उघडा म्हन्ते न!"

धडधाकट माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात, हे तिला बापाच्या डॉक्टरांनी दाखवलं होतं. गोपालच्या तोंडात एक बोट कसंबसं गेलं.

"भाजीबी आगीवानी लागते आताशा," तो हळूच म्हणाला. "वयनीले सांगू नको."

मैदानावर, दौड जिथं संपत होती, तिथं तोंड तपासायचा मंडप घातला होता. त्या बाजूचा रस्ता गाड्यांना बंद होता. निशिगंधानं काकाचा हात धरला आणि चालता चालता आईला फोन लावला.

"आई, पानावरचा खर्रा उचल."

"अन् कावळा?"

"बसू दे त्याले. बाबा ज्याच्यासाठी अडला होता थे काम झालंच नाई अजून. मी काकाले घेऊन चालली डॉक्टरकडं."

विमलताई रडत रडतच म्हणाल्या, "जा. पान झाकून ठेवते मी."

ती दोघं पोचली तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि पोरं कमानीचे दोर सोडत होती. कोणी टाळी वाजवली नाही. मंडपात डॉक्टरीणबाई बॅटरी घेऊन समोर आल्या आणि म्हणाल्या, "आ करा."

गोपालनं पुतणीचा हात घट्ट धरला आणि उघडेल तेवढं तोंड उघडलं.