धागा दिसेपर्यंत कोरलेला टायर

दोष गुणवंतरावांचा आहे. मी त्यांच्या ट्रॅक्टरचा मागचा उजवा टायर बोलतोय. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी पावसाला किंवा नशिबाला बोल लावायला नको.

माझा जन्म कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. आलो तेव्हा अंगावर जाड रबरी नख्या होत्या. सिंदेवाहीकडच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, आणि डांबरी रस्त्यावर त्या झिजल्या. झिजल्याची तक्रार नाही. झिजला की नवा टायर घ्यायचा असतो, एवढंच.

यंदा ऐन हिवाळ्यात अवकाळी पाऊस आला. कापलेल्या धानाचे भारे बांधीतच पडलेले, सगळ्या बांधीत चिखल, आणि मी जागच्या जागी फिरतोय.

टायरवाला मुश्ताक म्हणाला, "भाऊ, श्रावणभाऊकडे चिखलाची लोखंडी चाकं आहेत. मागून घ्या ना."

श्रावणभाऊ शेजारचे शेतकरी. दोघांचं धुऱ्यावरून भांडण, तेव्हापासून बोलणं बंद. धुरा म्हणजे दोन शेतांमधला मातीचा बांध. त्यावर दोन म्हातारे आख्खं आयुष्य काढतात.

"त्याच्या दारात मी जात नाई," गुणवंतराव म्हणाले. "याच्याच नख्या खोल कोर."

मुश्ताकनं गरम पात्यानं माझ्यात खाचा पाडल्या. मधेच थांबला.

"भाऊ, आतला धागा दिसून राह्यला."

"दिसू दे. चिखल काय धागा पाह्यते? कोर आणखी."

"फुटला तर मले नका म्हणू."

"तुले कोन म्हनते? तू काप."

पहिल्या दिवशी मी चिखल असा धरला की गुणवंतराव संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर बोलत होते. मोठ्या माणसांचं हेच असतं. एकदा जमलं की त्याला ते अनुभव म्हणतात.

ट्रॅक्टर त्यांचा मुलगा चालवायचा, प्रणित. पोलीस भरतीसाठी रोज सकाळी धावायचा. मैदानी चाचणी तोंडावर आली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं वाकून मला पाहिलं.

"बाबा, धागा तुटून राह्यला. भरली ट्रॉली घेऊन धुऱ्यावर चढवत नाई मी."

"पोलीस व्हाले चालला अन् टायराले भेतं काय? उतर, मी चालवतो."

गुणवंतरावांना एका डोळ्यानं नीट दिसत नाही. प्रणित उतरला नाही.

धुऱ्यावर चढताना सगळा भार माझ्यावर आला आणि मी कोरलेल्या जागीच फुटलो. ट्रॅक्टर उजवीकडे कलंडला. प्रणितचा पाय खाली.

ट्रॅक्टर ओढायला श्रावणभाऊ आले, त्याच लोखंडी चाकांसकट. कुणी मागायला गेलं नव्हतं.

आता मला मधोमध कापून गोठ्यात ठेवलंय. म्हशी माझ्यात पाणी पितात. बरं चाललंय. भेटायला येणाऱ्यांना गुणवंतराव सांगतात, "आजकाल रबरच खराब येते." मुश्ताकला नावं ठेवतात, त्याच्या पात्याला ठेवतात.

माझी एवढीच विनंती: टायर कोरा, पण धागा दिसायच्या आत थांबा. आणि शेजाऱ्याला चाकं मागा. मागताना धुऱ्याचा विषय काढायची गरज नसते.

भरतीचं मैदान झालं. प्रणित गेला नाही. त्याचा उजवा गुडघा वाकत नाही.