शुक्रवारी मध्यरात्री

सुनेत्राच्या पोटात दुखायला लागलं ते एका फुग्यामुळे.

न्यू जर्सीत, आयसेलिनला ओक ट्री रोडवरच्या एका सोनाराकडे उद्घाटनाचा फुगा छताला तरंगत राहिला आणि दुकान बंद झाल्यावर, रात्री सव्वादहाला, त्याच्यामुळे अलार्म वाजला. एवढीच बातमी. मराठी मंडळाच्या साप्ताहिक बातमीपत्रात सुनेत्राने ती दोन ओळींत संपवली असती. पण लिहिली आश्लेषाने, आणि मथळा दिला, 'मध्यरात्री ओक ट्री रोड हादरला'. त्या आठवड्यात बातमीपत्र कधी नव्हे इतक्या लोकांनी उघडलं.

सव्वादहा म्हणजे मध्यरात्र का, असं सुनेत्राने फोन करून विचारलं. तर आश्लेषा हसून म्हणाली, "ताई, पुण्यात आमच्या पेपरच्या डेस्कवर दिवे लागले की पुढे सगळी मध्यरात्रच."

आश्लेषा नवऱ्याच्या मागे जर्सीत येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. आल्या आल्या तिने गाडीची चोरी, वीज जाणं, पार्किंगमधलं अस्वल, सगळं मध्यरात्री घडवून आणलं. पहाटे चारचा अपघातही मध्यरात्रीच झाला. लोक मंडळाच्या ग्रुपवर लाल बदाम पाठवत होते. सुनेत्रा ते बदाम मोजत होती, हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

कारण अकरा वर्षं हे बातमीपत्र तिने एकटीने चालवलं होतं, जर्सी सिटीतली बँकेची नोकरी सांभाळून. तिचा एक नियम होता. 'मध्यरात्र' हा शब्द बातमीत येणार नाही. बाराच्या ठोक्याला कुठला दिवस संपला नि कुठला लागला, हा घोळ वाचकाच्या डोक्यावर कशाला? अकरा एकोणसाठ लिहा, पुढे वार लिहा, विषय संपला. या नियमाला आजवर कुणी बदाम पाठवला नव्हता.

आश्लेषा आल्यावर केलेला दुसरा नियमही तिचाच. एकीने लिहिलं की दुसरीने वाचायचं आणि खाली 'वाचलं' असं लिहायचं. त्याशिवाय बातमी बाहेर जायची नाही.

दिवाळीपासून संपादक एकच ठेवायचा, असं अध्यक्ष अनुपने ठरवलं. कोण, ते रविवारच्या मीटिंगमध्ये कळणार होतं. सुनेत्राची झोप उडाली. काल आलेली पोरगी आपल्या खुर्चीत बसणार, या विचाराने तिला नाश्ताही कडू लागायचा. नवरा, राजेश, म्हणाला, अगं, फुकटचं काम आहे, सोड ना यार. त्यावर ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

त्याच आठवड्यात बुधवारी, ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये, आश्लेषाची बातमी वाचायला आली. मुलांच्या नाटकाची नावनोंदणी, जागा चाळीस, 'शुक्रवारी मध्यरात्री बंद'. सुनेत्राने फॉर्म उघडून पाहिला. तो शुक्रवारचे बारा एएम वाजले की बंद होणार होता. म्हणजे गुरुवारी रात्री, लोक झोपायला जाता जाता. आणि लोक तर शुक्रवारी संध्याकाळी, ऑफिसातून सुटल्यावर, निवांत नाव भरणार.

तिने एकच शब्द बदलायचा होता. कर्सर तिथवर नेलाही. मग मनात आलं, पडू दे एकदा तोंडघशी. कळू दे सगळ्यांना बदामांची किंमत. तिने खाली 'वाचलं' असं लिहिलं आणि डबा उघडला. भाजी तिला फार दिवसांनी चवदार लागली.

शुक्रवारी संध्याकाळपासून अनुपचा फोन वाजत राहिला. एकवीस घरांची मुलं राहिली. उरलेल्या जागा फॉर्म बंद होताच दुसऱ्या गावच्या मंडळाच्या मुलांना देऊन झाल्या होत्या. भावनाची मुलगी निधी तर उन्हाळाभर आरशासमोर राणीचं भाषण पाठ करत होती. ती रडून रडून तापली, असं भावनाने ग्रुपवर लिहिलं. ते वाचून सुनेत्राने फोन पालथा ठेवला.

रविवारी मीटिंगमध्ये ती आश्लेषाच्या समोरच बसली. तिचा चेहरा पडलेला तिला बघायचा होता, हे खरं. पण आश्लेषाने कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं की चूक तिची आहे. फॉर्म उघडून बघायला हवा होता, तो बघितला नाही, सवयीने लिहून गेली.

"पुण्यात मी आपली कॉपी दहादा वाचायचे," ती म्हणाली. "इथे ताईंचं 'वाचलं' दिसलं की निर्धास्त होते. ती सवय वाईट, त्यांच्यावर ओझं टाकणारी. एवढ्या कामात एखादं त्यांच्याही नजरेतून सुटणारच. संपादक त्यांनाच करा. मला अजून त्यांच्या हाताखाली शिकायचंय."

अनुपने मान डोलावली. बाकीच्यांनीही. त्याने वहीत सुनेत्राचं नाव लिहिलं, तिचा चहा तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका, ताई. सुटतं एखादं."

अकरा वर्षांत जे कुणी दिलं नव्हतं ते सगळं एका मिनिटात तिच्यापुढे येऊन पडलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. आश्लेषा तिच्याकडे बघून ओशाळवाणं हसत होती, जणू माफीच मागत होती.

सुनेत्राने कप बाजूला केला.

"सुटलं नव्हतं," ती म्हणाली. "मी वाचलं होतं."