सत्यशीलेची पेशी

मित्रांनो, मी रक्तातली, जंतूंशी लढणारी एक जुनी टी पेशी आहे. राहते शिवहारच्या अंगात, पण जन्मले त्याच्या बहिणीच्या, सत्यशीलेच्या अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आत रक्त बनतं त्या गरात. हिंगोलीकडच्या गोरेगावजवळच्या एका मेंढपाळाची ती लेक.

तिच्या छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत मी शिकले. पेशीच्या दाराशी जंतूची खूण पटली की निरोप आत पोचावा लागतो; काइनेज नावाची प्रथिनं तो हातोहात पुढं देतात. ज्यांच्या आत निरोप नीट पोचत नाही, त्यांतल्या बऱ्याच पेशी तिथंच संपतात. मी तरले आणि रक्तातून फिरत पुन्हा तिच्या हाडांत आले.

शिवहार जन्मला आणि थोड्याच दिवसांत खोकला, जुलाब, तोंडभर पांढरी बुरशी. आधीचं बाळ असंच गेलं होतं. आई पंचफुलाबाईनं अंगारे लावून पाहिले. शेवटी वडील रामकिशन त्याला दूरच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं, याच्या टी पेशींत निरोप पुढं नेणारं एक काइनेजच नाही; जंतू समोर असूनही त्या गप्प उभ्या राहतात. बहिणीची मज्जा जुळत होती; ती दिली तर बाळ वाचणार होतं.

भिऊन राहिली का, असं आईनं विचारलं. सात-आठ वर्षांची सत्यशीला म्हणाली, "भेव वाटून राहिलं. पण आपलं एक बाळ गेलं, आई. हे न्हाई जाऊ द्यायचं."

तिच्या कमरेच्या हाडातून काढलेल्या मज्जेबरोबर मी शिवहारच्या अंगात आले. आम्ही पेशी लढलो. हळूहळू बाळानं बाळसं धरलं. गावानं सत्यशीलेचं कौतुक केलं, मग गाव विसरलं. शिवहार मात्र तिची पाठ सोडत नसे.

२००६च्या पावसाळ्यात मेंढरांमागं गेलेल्या सत्यशीलेला घोणस चावली. जीप हिंगोलीच्या वाटेवर असतानाच ती गेली. विषापुढं आमचं काही चालत नाही, मित्रांनो. तिच्यातल्या माझ्या साऱ्या बहिणी तिच्याबरोबर संपल्या. इकडं शिवहार रडून रडून तापला, आणि त्या तापात मला लढायला कुणीच सापडलं नाही.

पुढं तपासणीला गेल्यावर डॉक्टर म्हणाले, याच्या अंगात अजून बहिणीचंच रक्त तयार होतंय.

"म्हंजे माही सत्या ह्याच्यात हाय?" पंचफुलाबाईनं विचारलं. डॉक्टरांनी होकारार्थी मान डोलावली.

नर्सनं शिवहारच्या दंडावरचा कापूस टाकायला उचलला. पंचफुलाबाईनं तो मागून घेतला, त्यावरच्या लाल ठिपक्याकडं बघत राहिली आणि पदराच्या गाठीत बांधला.

मित्रांनो, सारखं आजारी पडणारं लेकरू घरात ठेवू नका, वेळेत दवाखान्यात न्या. आणि शिवहार कुठं भेटला, तर खेळताना त्याला जपा. तो पडला, खरचटलं, की सत्यशीलेचं रक्त सांडतं.